बुडालेल्या बोटीतील सोने व एक घरगुती म्हण

प्रत्येक जुन्या घराला स्वतःच्या अशा काही म्हणी असतात. त्या कोणत्याही कोशात सापडावयाच्या नाहीत आणि परक्या माणसापुढे उच्चारल्या तर त्याला त्यांचा अर्थही लागावयाचा नाही. कोणा एका काकूंनी चाळीस वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या पंक्तीला वाढावयाच्या आमटीत दोनदा मीठ घातले, की त्या घरातील प्रत्येक विसराळू सुनेला त्या काकूंचेच नाव चिकटते. मूळ प्रसंग पाहणारी माणसे केव्हाच निघून जातात. म्हण मात्र वंशपरंपरेने चालत राहते, आणि ती न्यायाची की अन्यायाची हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

आमच्या घरातील अशी एक म्हण म्हणजे ‘इजिप्तचा खलाशी’. एखादे मूल लहानशा कारणावरून घाबरून धावाधाव करू लागले, की घरातले वडील माणूस म्हणावयाचे, “काय हा इजिप्तचा खलाशी!” आम्ही हे लहानपणी ऐकले आणि पुढे आमच्या मुलांना ऐकविले. दोन वर्षांपूर्वी इटलीमधील पीसा शहराच्या स्टेशनवर गाडी चुकते की काय ह्या भीतीने रडकुंडीस आलेल्या आमच्या सात वर्षांच्या दौहित्रासही आम्ही हेच म्हणालो. आमची कन्या हसली, जावई हसले, आम्हीही हसलो. त्या दिवशी सायंकाळी ह्याच म्हणीचा हिशेब आम्हाला द्यावा लागेल, हे त्या वेळी ध्यानीमनीही नव्हते.

म्हणीचा उगम प्रथम सांगितला पाहिजे. आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी शाळामास्तर होते आणि गावचे पोस्टही त्यांच्याकडेच असे. गावाच्या वरच्या अंगाला ब्राह्मणांची घरे व माडपोफळींची आगरे, आणि खाली अगदी पाण्याला लागून मुसलमानांचा मोहल्ला. मोहल्ल्यातील तरुण मुलगे मुंबईस जात व विलायतेच्या आगबोटींवर खलाशी म्हणून नाव नोंदवीत. वर्ष वर्ष, दोन दोन वर्षे ते समुद्रावर असत. त्यांच्या घरच्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून येणारे पत्र आजोबा वाचून दाखवीत व जाणारे पत्र आजोबाच लिहीत. ह्या कामाबद्दल त्यांनी कधी पैचा मोबदला घेतला नाही, आणि एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरी सांगितली नाही. “मास्तरांच्या पोटात गेले ते विहिरीत पडले,” असे मोहल्ल्यात म्हणत असत.

ह्या मोहल्ल्यात एक विधवा बाई होती. तिला एक मुलगा व एक मुलगी. मुलगा एका इंग्रज कंपनीच्या ‘इजिप्त’ नावाच्या बोटीवर होता. ही बोट लंडन आणि मुंबई यांच्या दरम्यान टपाल व उतारू नेत असे. १९२२ सालच्या मे महिन्याच्या १९ तारखेस ती लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईस येण्यास निघाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातच्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ती दाट धुक्यात सापडली. समुद्र शांत होता, बोट जवळजवळ उभीच होती आणि भोंगा वाजत होता. इतक्यात धुक्यातून ‘सेन’ नावाची एक फ्रेंच मालवाहू बोट निघाली व तिने ‘इजिप्त’च्या कुशीत धडक दिली. बाल्टिक समुद्रातील बर्फ फोडता यावे म्हणून ‘सेन’चे नाक मुद्दाम मजबूत केलेले होते. वीस मिनिटांच्या आत ‘इजिप्त’ तळाशी गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यांत उतारूंपेक्षा बोटीवरचे खलाशी व नोकरच कितीतरी अधिक होते, आणि त्या बोटीवरील नोकरवर्ग बहुतांशी आपल्याच देशातला होता.

तारेने बातमी मुंबईस आली आणि मुंबईचे वर्तमानपत्र काही दिवसांनी गावी पोचले. रमजानचा महिना सरत आला होता. आजोबा वर्तमानपत्र घेऊन मोहल्ल्यात गेले आणि धुक्यात दुसरी बोट आदळून ‘इजिप्त’ बुडाली एवढे त्यांनी त्या बाईस वाचून दाखविले. मुलाचे नाव वाचलेल्यांत नाही हे मागाहून कळले. ईद झाली, पावसाची चिन्हे दिसू लागली, आणि त्या सुमारास लंडनहून आधीच्या टपालाने सुटलेले त्या मुलाचे पत्र आजोबांच्या हाती आले. कोणा सोबत्याकडून लिहवून घेतलेले ते चार ओळींचे पत्र होते. मी लवकरच येतो आहे, पावसापूर्वी घर शाकारून घ्यावे, मजुरीचे पैसे आल्यावर देईन, एवढाच त्यातला मजकूर. आजोबांनी तेही पत्र वाचून दाखविले. त्या वर्षी आमच्या गड्यांनी जाऊन त्या बाईचे घर शाकारले, असे आमची आजी सांगत असे.

इथपर्यंतची हकीकत आमच्या घराण्याला भूषण वाटावी अशीच आहे. परंतु त्या वर्तमानपत्रात आणखीही मजकूर होता. बोट बुडू लागताच हिंदी खलाश्यांनी धीर सोडला, होड्यांवर झुंबड केली, उतारूंना मागे लोटले, असे त्यात छापून आले होते. हा भाग आजोबांनी त्या बाईस वाचून दाखविला नाही. घरी मात्र परवचा झाल्यावर माजघरात मुलांना जमवून ते ही गोष्ट सांगत, आणि संकटात माणसाने चित्त स्थिर ठेवावे असा तिचा बोध करीत. आजोबा कठोर नव्हते. परंतु त्यांच्या पिढीच्या शिकलेल्या माणसांप्रमाणे छापलेल्या अक्षरावर त्यांची फार श्रद्धा होती. अशा रीतीने ‘इजिप्तचा खलाशी’ आमच्या घरात आला तो कायमचा राहिला.

आता पीसाकडे वळतो. आमचे जावई नोकरीनिमित्त तेथे राहतात. त्यांना वाचनाचा नाद आहे. आमच्या कन्येच्या तोंडून ही म्हण ऐकून त्यांनी त्या बोटीचा शोध घेतला, तेव्हा त्यांना असे आढळून आले की ‘इजिप्त’वर सुमारे पाच टन सोने व चाळीस टनांहून अधिक चांदी होती. त्या वेळच्या हिशेबाने हा ऐवज दीड कोटी रुपयांच्या घरात जातो. पुढे दहा वर्षांनी तो समुद्राच्या तळातून वर काढण्यात आला, आणि तो वर काढणारे पाणबुडे पीसापासून रेल्वेने अवघ्या वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या व्हियारेज्जो ह्या बंदरगावचे होते! त्यांच्यातील अग्रणी आल्बेर्तो जान्नी याच्या नावाने त्या गावी नाविक इतिहासाचे एक संग्रहालय आहे. आम्ही उभयता पीसास गेलो तेव्हा जावयांनी काही एक न सांगता आम्हाला तेथे नेण्याचा बेत केला, आणि गाडीत बसल्यावर गुपित फोडले. आमच्या सौभाग्यवतींनी लगेच विचारले, “म्हणजे ते सोने पाहावयास मिळणार की काय?”

सोने तेथे नाही. त्या गावाजवळ डोंगर आणि समुद्र अगदी शेजारी आले आहेत. पाठीशी संगमरवराच्या खाणींचे पांढरे डाग अंगावर बाळगणारे पर्वत, आणि पुढ्यात लांबच लांब वाळूचा किनारा. ह्याच किनाऱ्यालगत १८२२ साली कवी शेली याचे प्रेत समुद्राने आणून टाकले व वाळूतच त्याचे दहन झाले. ‘इजिप्त’ बुडाली त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. गावातून समुद्राकडे जाणारा एक कालवा आहे, त्याच्या दोहो बाजूंस जहाजे बांधण्याचे कारखाने, आणि बंदराच्याच भागात हे संग्रहालय. जहाजांच्या लहान प्रतिकृती, सुतारांची व गलबतांच्या फटी बुजविणाऱ्यांची अवजारे, जुनी छायाचित्रे असा सर्व संग्रह आहे. परंतु आमचे पाऊल थबकले ते पाणबुड्यांच्या सामानापाशी.

तांब्यापितळेचे, गोल काचांच्या खिडक्या असलेले ते मोठे शिरस्त्राण वाचकांनी चित्रात पाहिले असेल. त्याच्या जोडीला रबरी कापडाचा अंगरखा, छातीवर व पाठीवर शिशाची वजने आणि शिशाच्या तळव्यांचे जोडे. हा सगळा पोशाख चढवला म्हणजे माणसाच्या अंगावर दोन मणांचे ओझे होते. वर बोटीवर दोघेजण हातपंप फिरवीत राहतात आणि नळीतून खालच्या माणसाला हवा पोचते. पंप फिरविणाऱ्याचा हात थांबला, की खालच्याचा श्वास थांबला. आमच्या नातवाने तेवढ्यात शिरस्त्राणाच्या खिडकीला नाक लावून आत कोणी आहे काय हे पाहून घेतले.

खोल पाण्याचा खरा धोका मात्र हवा तुटण्याचा नाही. पाण्याखाली माणूस दाबाखालची हवा घेतो, तेव्हा तिच्यातील नत्रवायू त्याच्या रक्तात मुरतो. तो सावकाश वर आला तर वायू निमूटपणे निघून जातो. घाईने वर आला तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच उडविल्याप्रमाणे रक्तात बुडबुडे उठतात. मग सांधे आखडतात, अंग लुळे पडते, प्रसंगी माणूस मरतो. जान्नीने अशा पाणबुड्यासाठी एक पोलादी कोठी तयार केली होती. वर आलेल्या माणसाला तिच्यात ठेवून दाब हळूहळू उतरवावयाचा, ही त्यातील युक्ती.

परंतु ‘इजिप्त’ पडली होती सुमारे चारशे फुटांवर. तेथे पाण्याचा दाब वरच्या हवेच्या जवळजवळ तेरा पट होतो. रबरी पोशाखाचे तेथे काही चालणारे नव्हते. म्हणून ह्या लोकांनी ‘तोरेत्ता’, म्हणजे लहानसा बुरूज, वापरण्यास घेतला. हा एक उभा पोलादी पिंप असून त्यात एकच माणूस जेमतेम उभा राहू शकतो. डोक्याशी जाड काचांच्या लहान खिडक्या गोलाकार बसविलेल्या असतात. पाण्याचा दाब पिंपाने सोसावयाचा आणि आतला माणूस आपल्या नेहमीच्या हवेतच राहावयाचा. उच्छ्वासातील विषारी वायू शोषून घेण्यास आत क्षारांची योजना असते. त्या माणसाला हाताने काहीच करता येत नाही. तो फक्त पाहतो आणि टेलिफोनवरून वर सांगतो, “थोडे डावीकडे, आणखी थोडे, आता सोडा.” मग वरच्या बोटीवरचा यारीवाला, जो काहीच पाहत नाही, आपला प्रचंड लोखंडी पंजा खाली सोडतो. चारशे फुटांच्या दोराच्या एका टोकाला डोळे आणि दुसऱ्या टोकाला हात, अशा रीतीने ते काम चालले होते. त्या पोलादी पिंपासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. घरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला समुद्राच्या तळाचे किती दिसते, असा प्रश्न खरे पाहता तेव्हाच आमच्या मनात यावयास हवा होता. तो त्या वेळी आला नाही.

शोधाची हकीकतही रंजक आहे. विम्याचे पैसे लंडनच्या लॉइड्सने भरून टाकले होते, तेव्हा ते सोने आता विमेवाल्यांचे झाले. बोट नेमकी कोठे बुडाली ह्याविषयी निरनिराळ्या नोंदी निरनिराळी जागा दाखवीत. आधीच्या काही शोधकांनी हात टेकले. १९२९ साली जेनोवा येथील ‘सोरीमा’ कंपनीने हे काम हाती घेतले. क्वाल्या हा तिचा चालक. त्याच्या बोटींची नावे ‘आर्तील्यो’ म्हणजे पक्ष्याचा नखर आणि ‘रोस्त्रो’ म्हणजे चोच, अशी शिकारी पाखराला साजतील अशी होती. दोन बोटींमध्ये लांब तार ताणून समुद्राचा तळ महिनोन् महिने विंचरण्यात आला. डहाळीच्या साह्याने जमिनीतील पाणी सांगणारे पाणाडे आपल्याकडे असतात, तसा एक ख्रिस्ती संन्यासीही सोने हुडकण्यासाठी बोटीवर आणला होता! अखेर १९३० सालच्या ऑगस्टच्या शेवटी तार अडकली, तोरेत्ता खाली गेला, आणि ‘इजिप्त’ सापडली.

हिवाळ्यात तेथील समुद्र काम करू देत नाही. मधल्या काळात रिकामे बसू नये म्हणून ‘आर्तील्यो’ने दुसरे एक काम पत्करले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासह बुडालेल्या ‘फ्लॉरेन्स एच.’ नावाच्या बोटीचे अवशेष सुरुंगांनी उडवावयाचे होते. इतक्या वर्षांत तो दारूगोळा निकामी झाला असेल, असा सर्वांचा समज. १९३० च्या डिसेंबरात सुरुंग पेटला तो त्या दारूगोळ्यासह, आणि ‘आर्तील्यो’ जागच्या जागी बुडाली. जान्नी, फ्रांचेस्की व बार्जेल्लीनी हे तिघे नाणावलेले पाणबुडे आणि बोटीवरची इतर बहुतेक माणसे त्यात गेली. पुढच्या वर्षी क्वाल्याने दुसरी बोट सज्ज केली, तिलाही ‘आर्तील्यो’ हेच नाव दिले, आणि मेलेल्यांच्या जागी नवी माणसे उभी राहिली. सोन्याची कोठी बोटीच्या अगदी पोटात होती. एकेक मजला सुरुंगाने फोडीत, पंज्याने पत्रे उचलून बाजूला टाकीत ते खाली खाली गेले. १९३२ सालच्या जून महिन्याच्या २२ तारखेस पंज्यातून पहिले सोने डेकवर पडले. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार डेव्हिड स्कॉट हा ह्या मोहिमेत बोटीवरच राहत होता. त्याने तिच्यावर दोन पुस्तके लिहिली आहेत. १९३५ पर्यंत काम चालू राहिले आणि जवळजवळ सर्व ऐवज हाती आला.

त्या पंज्यातून सोन्याआधी ओल्या कागदांचे गठ्ठेही वर आले होते. त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानासाठी विलायतेत छापलेल्या नोटा होत्या. आपला मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. परभणी-नांदेडच्या बाजारात ज्या नोटा फिरावयाच्या, त्या दहा वर्षे फ्रान्सच्या समुद्रात भिजत पडल्या होत्या. दुसरा योगायोग याहून विलक्षण आहे. हे सोने निघाले होते मुंबईस. परंतु १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि जागतिक मंदीने गांजलेले आपले शेतकरी बायकांच्या अंगावरील डाग विकू लागले. ‘इजिप्त’चे सोने वर आले त्या उन्हाळ्यात मुंबई बंदरातून कोट्यवधी रुपयांचे सोने बोटी भरभरून लंडनकडे चालले होते. १९२२ साली ज्या दिशेने सोने येत होते, त्या दिशेने ते आता परत जात होते. मोहनमाळ मोडावी लागलेल्या एका आत्याबाईंची गोष्ट आमच्या कुटुंबाच्या माहेरी अजून सांगतात. ती आठवून त्या म्हणाल्या, “सोन्याला मात्र कोणी ना कोणी शोधीत येतेच.”

आम्ही छायाचित्रे पाहत होतो. डेकवर दाटीने उभे असलेले, कानटोप्या घातलेले, दाढ्या वाढलेले ते इटालियन खलाशी. आमच्या नातवाने सर्व चेहरे लक्षपूर्वक पाहिले आणि विचारले, “आजोबा, ह्यात इजिप्तचा खलाशी कोणता?”

आम्ही त्याला समजावून सांगितले, की हे ते नव्हेत. हे सोने काढणारे, ते बुडालेले.

“मग त्यांचा फोटो कुठे आहे?”

तो आम्हाला कोठे दिसला नाही, असे आम्ही त्याला सांगितले. त्यात त्या गावाचा दोष नाही. त्यांनी आपल्या माणसांची आठवण जिवापाड जपली, हेच मोठे. परंतु सोन्याच्या किती विटा, किती नाणी, चांदीचे किती ठोकळे, सर्व काही मोजलेले. आणि ज्या खलाश्यांचे नाव आम्ही तीन पिढ्या थट्टेत घेत आलो, त्यांपैकी एकाचेही खरे नाव आम्हाला सांगता येईना. खाडीवरच्या त्या बाईच्या मुलाचे नाव आमचे आजोबा जाणत होते. आम्ही ते कधी विचारले नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही जावयांना म्हटले, “त्या बुडण्याची सरकारी चौकशी झाली असेल. निकाल काय लागला ते पाहता येईल काय?” त्यांनी संगणकावर शोध केला आणि तासाभराने आम्हाला हाक मारली. चौकशी त्याच वर्षी लंडनमध्ये झाली होती. बोटी उतरविण्याची कवायत नीट घेतली गेली नव्हती, जीव वाचविण्याचे योग्य उपाय कप्तानाने योजले नाहीत, असा ठपका ठेवून त्याचा परवाना सहा महिन्यांकरिता तहकूब केला होता. मुख्य अधिकाऱ्यासही दोष दिला होता. धुक्यात, कलंडणाऱ्या बोटीवर, वीस मिनिटांच्या आत आपण कोणत्या होडीपाशी उभे राहावयाचे हे ज्यांना कोणी शिकविलेच नाही, त्या माणसांत गोंधळ उडाला, ह्यात नवल ते कोणते? शिकविणे हे ज्यांचे काम होते त्यांच्या नावाने कोणी म्हण केली नाही. म्हण झाली ती न शिकविलेल्यांची, आणि ती आमच्या घरात झाली. आजोबा तर मास्तर होते! विद्यार्थी नापास झाला तर आधी मास्तराला विचारावे, हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? पण निकालाची बातमी त्यांच्या वर्तमानपत्रात आली नसेल, किंवा आली असेल तर ती पहिल्या बातमीइतकी ठळक नसेल. पहिली बातमी मनात बसते आणि दुसरी वाचावयाची राहून जाते, हा आम्हा सर्वांचाच अनुभव आहे.

परत आल्यावर आम्ही गावी गेलो. आमचे तेथील घर आता वर्षातून दोनदाच उघडते. मोहल्ल्यात विचारपूस केली तेव्हा त्या खलाश्याच्या बहिणीचे नातू तेथेच राहतात असे कळले. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. स्वतः तीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढून घरी परतलेले. “मास्तरांचे नातू आले,” असे म्हणत त्यांनी ओटीवर खुर्ची मांडली, घरातून चहा आला. आम्ही आमची हकीकत सांगितली. म्हण सांगण्यास जड गेले, परंतु तीही सांगितली. चौकशीच्या निकालाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला व घडी करून परत दिला. म्हणाले, “हे आमच्याकडे ठाऊक आहे. त्या बोटीवरून वाचलेला शेजारच्या गावचा एक खलाशी त्याच साली दिवाळीच्या सुमारास परत आला. त्याने पणजीला येऊन सर्व सांगितले. आपली होडी कोणती हेच कोणाला माहीत नव्हते, म्हणाला. तिचा मुलगा खाली झोपलेल्यांना हाका मारावयास गेला तो पुन्हा वर दिसला नाही.”

“आणि वर्तमानपत्रात काय आले होते, ते?”

“तेही तिला माहीत होते. मास्तर वाचता वाचता एके ठिकाणी थांबले, आणि मग घाईने पुढे गेले. ती तेव्हाच समजली, की इथे काहीतरी वाईट लिहिलेले आहे. पुढे मुंबईहून आलेल्या माणसांनी काय ते सांगितले.”

आम्ही विचारले, “मग खरी हकीकत कळल्यावर तिने आजोबांना ती का सांगितली नाही?”

ते थोडे हसले. “आमच्या आजीनेही तिला हेच विचारले होते. ती म्हणाली, मला दुःख होऊ नये म्हणून तो माणूस चुकीचे वाचतो. त्याला लाजवून मी काय मिळवू? पत्रे तर त्याच्याकडूनच लिहवून घ्यावयाची आहेत.”

ह्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. आजोबांनी तिचे दुःख वाचवावे म्हणून काही ओळी गाळल्या, तिने त्यांचा संकोच वाचवावा म्हणून काही शब्द गिळले, आणि दोघांच्या त्या चांगुलपणाच्या मधल्या जागेत एक असत्य शंभर वर्षे सुखाने नांदले. ते तिच्या घरात कधी गेले नाही. नांदले ते आमच्याच घरात.

उठताना आम्ही त्या खलाश्याचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले आणि आमच्या वहीत स्वतःच्या हाताने मोडीसारख्या वळणदार मराठी अक्षरात लिहूनही दिले. ते येथे छापण्याची त्यांची इच्छा नाही, म्हणून आम्ही छापीत नाही. मग त्यांनी आम्हाला विचारले, “त्या संग्रहालयात आमच्या लोकांची नावे आहेत काय?” आम्ही म्हटले, आम्हाला तरी दिसली नाहीत. “नसावयाचीच,” ते म्हणाले. “ते लोक सोने काढावयास गेले होते.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. बंदरात कोणती बोट कोणता माल घेऊन आली हे सांगावे, तसे ते सहज बोलले.

‘इजिप्तचा खलाशी’ ही म्हण यापुढे आपल्या घरात वापरावयाची नाही, असे आम्ही सर्वांना सांगितले आहे, आणि का ते गणपतीच्या दिवसांत सर्व मंडळी जमली असता सविस्तर कथन केले आहे. एकत्र कुटुंबात आज्ञा देणे सोपे असते, परंतु वळण पडलेली जीभ एका दिवसात वळत नाही. परवाच धाकट्या सूनबाई परीक्षेच्या भीतीने रडणाऱ्या मुलीला “काय हा इज...” इतके बोलून थांबल्या. ती मुलगी रडता रडता थांबली आणि म्हणाली, “आई, त्यांना कवायत शिकविली नव्हती. मलाही तू गणिते शिकविली नाहीस.”

सूनबाईंनी पाटी मागविली आणि दोघी गणिते सोडवावयास बसल्या.